शेडकार्डाचे रसग्रहण

मध्यमवर्गीय घरात नवरा, बायको, सासूबाई आणि शाळकरी मुलगी असे चौघेही एकाच वेळी, एकमेकांच्या खांद्यावरून डोकावून जे पुस्तक वाचतात, ते म्हणजे रंगाच्या दुकानातून आणलेले शेडकार्ड. एवढा वाचकवर्ग लाभलेल्या या पुस्तकाचे अर्ध्या पानाचेही परीक्षण माझ्या वाचनात आलेले नाही. कादंबऱ्यांची परीक्षणे येतात, आत्मचरित्रांची येतात. एकदा तर मी पाककृतींच्या पुस्तकाचे परीक्षण वाचले होते. परीक्षकाने त्यातले काही करून पाहिले नसावे, हे त्याच्या उत्साहावरून कळत होते. मग शेडकार्डानेच कोणाचे घोडे मारले आहे? कादंबरी फसली तर एक रविवार जातो. शेडकार्ड फसले तर ते पाच-सात वर्षे भिंतीवर राहते, आणि आपण त्याच्यासमोर रोज दोनदा चहा पितो.

तेव्हा हे परीक्षण. तेसुद्धा फक्त स्वयंपाकघराच्या भिंतीपुरते, कारण या ग्रंथाचे पितळ तिथेच उघडे पडते. हॉलच्या भिंतीचे काय, पडदे बदलता येतात, सोफ्यावर चादर टाकता येते, फारच झाले तर तिथे कॅलेंडर लावता येते. स्वयंपाकघराच्या भिंतीला मात्र ट्रॉल्या, वरची कपाटे, ओट्याचा ग्रॅनाइट आणि मागच्या टाइल्स असा भरगच्च संसार चिकटलेला असतो. त्यातले एकही माणूस पुढची बरीच वर्षे जागचे हलणार नसते.

आधी चांगले बोलून घेऊ. छपाई सुबक आहे. कागद गुळगुळीत आहे. मुद्रणदोष जवळजवळ नाहीत. पुस्तकाला कथानक नाही, पण हल्ली ते कुणाला असते? लेखकाची खरी करामत आहे ती नावांत. पिवळ्याला पिवळा म्हटले तर आपली नोकरी जाईल अशी या लेखकाला भीती असावी. त्यामुळे प्रत्येक चौकोनाखाली पहाट आहे, वाळवंट आहे, कुठल्या तरी परदेशी किनाऱ्यावरचा शिंपला आहे. वाचता वाचता माणूस रंग विसरतो आणि सहलीला निघतो. नवऱ्याला किनारा आवडतो, बायकोला पहाट हवी असते. वास्तविक दोन्ही चौकोन शेजारी धरले तर दोन्ही बिस्किटी, पण भांडण शब्दांवरून लागलेले असल्यामुळे ते रंगावर येऊन मिटत नाही.

या बाबतीत मला रिझर्व्ह बँकेची शैली आदर्श वाटते. दिवसभर नोटा हाताळणारा माणूस असे म्हणणारच, हे मान्य. पण तुम्हीच पाहा. २०१६ साली पाचशेची नवी नोट आली, तिचा रंग बँकेने जाहीर केला दगडी राखाडी. २०१७ ची दोनशेची नोट उजळ पिवळी, २०१८ ची दहाची चॉकलेटी तपकिरी. आणि या साऱ्या गद्यातली सर्वोत्तम ओळ आहे ती २०१९ च्या वीस रुपयांच्या नोटेची, हिरवट पिवळी. वाहवा! मूळ रंग कोणता तेही सांगितले, आणि तो कुठल्या बाजूला झुकतो तेही सांगितले. वीस रुपयांत यापेक्षा जास्त काय सांगणार? स्वयंपाकघराला रंग देताना नेमके हेच हवे असते. शेडकार्ड नेमके हेच लपवते.

या झुकण्याला आपल्याकडे ‘झाक’ म्हणतात. दुकानातला सूटबूटवाला पोरगा त्याला अंडरटोन म्हणतो आणि जणू काल विमानाने आणल्यासारखा दाखवतो. अहो, आमच्या भाषेत याचे अख्खे व्याकरण तयार आहे. पिवळसर म्हणजे पिवळ्याकडे जाणारा, पण आपल्याला आवडलेला. पिवळट म्हणजे तेवढाच पिवळा, पण न आवडलेला. पांढराशुभ्र आणि पांढराफटक यांत रंगाचा फरक काहीच नाही. पहिला धोतराला म्हणतात, दुसरा परीक्षेचा निकाल ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याला. आणि झाक मारायची कशी हे आमच्या आज्यांना ठाऊक होते. चुन्याच्या सफेदीत त्या चिमूटभर नीळ टाकायला लावायच्या, कारण चुना पिवळटपणाकडे जातो आणि निळा पिवळ्याला डोळ्यांपुरता खाऊन टाकतो. तेच धोतराचे, तेच भिंतीचे. त्यासाठी त्यांना कुणी सल्लागार लागला नाही.

आता ग्रंथाच्या मूळ दोषाकडे वळतो. शेडकार्डातला प्रत्येक रंग पांढऱ्याशुभ्र कागदावर, चारी बाजूंनी मोकळी जागा सोडून छापलेला असतो. म्हणजे बंगल्यात राहणारा. आपल्या स्वयंपाकघरातला रंग चाळीत राहतो. त्याच्या एका भिंतीला कपाट, दुसऱ्या भिंतीला टाइल. शेजाऱ्यांचे बोलणे त्याला सतत ऐकू येते, आणि तो त्यांच्यासारखा किंवा बरोबर त्यांच्याविरुद्ध वागू लागतो.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर हे नाट्य घडले. एका वहिनींनी हौसेने नव्या ट्रॉल्या आणि कपाटे करून घेतली. त्यांच्या शटरना पांढरा सनमायका, आणि भिंतीला म्हणून पांढऱ्यातला पांढरा रंग. पांढऱ्याला पांढरा, यात चुकायचे काय? पण रंगारी शिडी घेऊन गेला त्या संध्याकाळी कपाटे पिवळी दिसू लागली. नुसती पिवळी नाही, दहा वर्षे तेलाची फोडणी खाल्ल्यासारखी. वहिनींनी निदान केले की मिस्त्रीने जुना माल लावला. त्यांनी त्याचा शेवटचा हप्ता अडवला. मिस्त्री बिचारा रोज येऊन सनमायकाच्या मागचा नंबर दाखवायचा. “वहिनी, तुम्हीच दुकानात बोट ठेवलेला नंबर आहे हा.” वहिनी म्हणायच्या, “नंबर तोच असेल हो, पण मालाचं काय?” हप्ता लहान नव्हता. मिस्त्रीच्या हाताखालच्या दोन पोरांची मजुरी त्यातून द्यायची होती, आणि बाहेर त्याच्या नावाला लागलेला बट्टा वेगळाच. इमारतीतल्या आणखी दोन घरांनी त्याला ‘सध्या थांबा’ म्हणून सांगितले.

बँकेत सह्या ताडून बघणारा माणूस म्हणून मला पंच नेमले गेले. मला काही करावे लागले नाही. मिस्त्रीनेच उरलेला सनमायकाचा तुकडा आणला आणि भिंतीला टेकवला. पिवळा. मग तोच तुकडा त्याने मागच्या दाराच्या तपकिरी लाकडाला टेकवला. दुधासारखा पांढरा! परत भिंतीला, पिवळा. परत दाराला, पांढरा. चार वेळा त्याने असे केले, एक शब्द न बोलता. सासूबाई स्टुलावर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, भिंतीतच नीळ जास्त झालीय.” आणि तेच खरे होते. सनमायकाच्या पांढऱ्यात मोतिया झाक होती. भिंतीच्या पांढऱ्यात निळसर. निळसर पांढऱ्याच्या शेजारी मोतिया पांढरा उभा केला की तो पिवळट दिसणारच. शटरे बदलायची म्हणजे घराचे कंबरडे मोडले असते. ती एक भिंत किंचित मोतियाकडे झुकणाऱ्या पांढऱ्याने पुन्हा रंगवली, आणि कपाटे रात्रीतून नवी झाली. मिस्त्रीचे पैसे मिळाले. रंगाऱ्याला दोनदा मिळाले, पण त्या जमातीचे नशीबच तसे असते.

या मिस्त्रीसारखाच एक माणूस पॅरिसमध्ये होऊन गेला. मिशेल यूजीन शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली गोबेलँ या गालिचे आणि भित्तिपट विणणाऱ्या सरकारी कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख झाला. तिथे त्याच्याकडे तक्रार आली की तुमच्या खात्याचा काळा धागा नीट काळा नाही, निळ्याजांभळ्या वस्त्रांच्या सावलीत तो फिका पडतो. शेव्हरलने दुसरीकडचे काळे धागे मागवून ताडून पाहिले. आपला काळा कुणापेक्षा कमी नव्हता. बिघाड शेजारच्या निळ्याजांभळ्यात होता. या एका तक्रारीवर त्याने पुढे अनेक वर्षे काम केले आणि १८३९ साली रंगांच्या शेजारधर्मावर जाडजूड ग्रंथ छापला. हा गृहस्थ १०२ वर्षे जगला. घरचे रंगकाम त्याने कधी अंगावर घेतले नसावे.

शेव्हरलचा ग्रंथ न वाचता त्यातले सार ज्यांनी आत्मसात केले आहे, त्या तुम्हाला कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये भेटतील. बाई ब्लाउजपीस घ्यायला जाते तेव्हा नुसती ‘आमसुली द्या’ म्हणत नाही. ती साडी बरोबर नेते. तागा साडीवर पसरायला लावते. मग दुकानदाराच्या ट्यूबलाइटवर तिचा विश्वास नसल्यामुळे दोन्ही घेऊन दारात उन्हात जाते. आत जुळलेला कपडा बाहेर जुळेनासा होतो, कारण दोन रंग एका उजेडात सारखे दिसले तरी दुसऱ्या उजेडात फारकत घेऊ शकतात. शास्त्रज्ञांनी याला भारदस्त नाव दिले आहे. बाई फक्त “दुसरा दाखवा” म्हणते. मला कोडे पडते ते वेगळेच. अडीच वार साडीच्या काठासाठी सात दुकाने हिंडणारी हीच बाई स्वयंपाकघराच्या रंगाच्या वेळी नवऱ्याच्या हातात शेडकार्ड देऊन मोकळी का होते? ज्याला पिस्ता आणि पोपटी यांत फरक फक्त खाताना कळतो, त्याच्या हातात? जो दिवसातून तीन तास त्या ओट्यापाशी उभा राहतो, पुरुष असो वा बाई, त्याचे मत आधी.

उजेडाबद्दल शेडकार्डात एक अक्षर नाही. आपल्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात ऊन येते ते ड्राय बाल्कनीतून, वॉशिंग मशीनला वळसा घालून, वाळत टाकलेल्या टॉवेलांतून गाळून. समोरच्या इमारतीने पिस्ता रंग दिला असेल तर सकाळी दहा वाजता तुमच्या भिंतीलाही थोडा पिस्ता लागतो, फुकट. रात्री आणखी तऱ्हा. एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० म्हणजे जुन्या बल्बचा पिवळसर उजेड, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. बदामी झाक असलेली लाकडी कपाटे २७०० खाली श्रीखंडासारखी दिसतात, ६५०० खाली तीच आजारी दिसतात. म्हणून दिवा बदलायचा असेल तर तो रंगाच्या आधी बदलावा, नंतर बदलला की भिंतही बदलते.

मग निवड करायची कशी? उलट्या दिशेने. जे हलत नाही ते आधी, म्हणजे कपाटे, ग्रॅनाइट, टाइल्स. भिंत सर्वांत शेवटी, कारण रंगाच्या छटा हजारोंनी मिळतात आणि मशीन हवी ती कालवून देते. सनमायका मात्र दुकानात असेल तोच. शटरची झाक ओळखायला एक कोरा पांढरा कागद त्याच्यावर धरा. कागदाशेजारी ते गुलाबी, हिरवट की पिवळसर, काय ते लगेच कबूल करते. राखाडी शटर तर फार लबाड. दुकानात साधूसारखी राखाडी दिसतात, आणि घरी एखादे निळे निघते, एखादे जांभळे. झाक कळली की भिंतीसाठी त्याच बाजूला झुकणारा हलका रंग घ्यावा, किंवा मग सरळ विरुद्ध बाजूचा, ठरवून. अर्धवट अंतरावर उभे राहणारे रंगच कटकट करतात.

आणि नमुना भिंतीवर चार बोटांचा लावू नये. मोठ्या ड्रॉइंग पेपरवर दोन हात द्यावेत, वाळू द्यावे. ओला इमल्शन बघून निर्णय घेऊ नये, वाळल्यावर तो सहसा थोडा गडद होतो. चुन्याचे बरोबर उलटे, ओला असताना काहीच दिसत नाही आणि वाळला की पांढरा. तो कागद कपाटाला चिकटवून सकाळ, दुपार आणि दिवेलागण अशा तीन वेळा बघावा. पाहुणे विचारतील की हे काय लावलेय. विचारू देत.

बाकी किरकोळ. ओट्याजवळ पुसता येईल असा तुकतुकीत रंग असावा, पण फार चकचकीत नको, भिंतीचे खड्डे दिसतात. हळदीचा हात लागणार हे धरून चालावे. जुन्या चुन्याच्या ताज्या भिंतीवर हळदीचे बोट लागले की ते लाल व्हायचे, चुन्याने हळदीचे कुंकू होते तसे. आताच्या रंगावर ते पिवळेच राहते. ही प्रगती.

प्रकाशकांना पुढल्या आवृत्तीसाठी दोन सूचना. प्रत्येक चौकोनाच्या मध्ये एक भोक पाडावे, म्हणजे कार्ड शटरवर ठेवून त्यातून कपाट आणि कडेने भिंत असे एकदम बघता येईल. पहाट आणि वाळवंट हवेतच तर राहू द्यावेत, पण खाली वीसच्या नोटेसारखी झाक छापावी. आणि या ग्रंथातले एकमेव निखळ सत्य, म्हणजे प्रत्यक्ष रंग छापील रंगाहून वेगळा असू शकतो हे वाक्य, सध्या शेवटच्या पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात असते. ते मुखपृष्ठावर घ्यावे. पुस्तक विनामूल्य असल्यामुळे किमतीबद्दल तक्रार नाही.