भुतांची भित्री पुस्तकं

डिस्नेचा ‘होकस पोकस’ अमेरिकेत प्रदर्शित झाला तो जुलै १९९३ मध्ये. हॅलोविन ऑक्टोबरअखेरीला आणि त्याचा सिनेमा ऐन उन्हाळ्यात! फारसा चालला नाही, समीक्षकांनीही झोडपला. पण पुढे दर ऑक्टोबरला टीव्हीवर लागत राहिला आणि बघता बघता एका पिढीच्या बालपणात जाऊन बसला. ती पिढी आता कमावती आहे आणि प्रकाशकांचा डोळा तिच्या खिशावर आहे. लहानपणच्या हॅलोविनपटांच्या कादंबऱ्या आणि कागदावरचे ‘पुढचे भाग’ यांचं अलीकडे आलेलं पीक या हिशेबातलं. हिशेबाबद्दल तक्रार नाही. भुताखेतांची ही पुस्तकं स्वतःच भित्री आहेत, ही तक्रार आहे.

सिनेमावरून कादंबरी हा प्रकार तसा जुना. घरोघरी व्हिडिओ येण्याआधी, थिएटरातून उतरलेला सिनेमा पुन्हा अनुभवायचा तर एखादं स्वस्त पेपरबॅक तेवढं हाताशी असे. लेखक बहुधा पटकथेवरूनच लिहायला बसत, त्यामुळे पुस्तकात भलतंसलतं काही शिरायला वाव राही. विल्यम कॉट्झविंकल यांची ‘ई.टी.’ची कादंबरी १९८२ची. (हॅलोविनच्या संध्याकाळी चादर पांघरून रस्त्यावर निघालेला तो परग्रहवासी आठवत असेलच.) कादंबरीत हा ई.टी. चक्क मुलांच्या आईवर भाळलेला आहे! चमत्कारिक वाटतं खरं, पण त्या पानांमागे कोणीतरी लेखक आहे हे तरी कळतं. १९८५ मध्ये त्यांनीच पुढची कादंबरी लिहून ई.टी.ला त्याच्या ग्रहावरचं आयुष्य दिलं.

ए. डब्ल्यू. जँथा यांचं ‘होकस पोकस अँड द ऑल-न्यू सीक्वेल’ २०१८ मध्ये आलं, सिनेमाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा. पूर्वार्धात सिनेमाची गोष्ट, उत्तरार्धात नवी. पूर्वार्ध इमानेइतबारे लिहिलेला आहे आणि तीच पंचाईत आहे. सिनेमात चेटकिणी असलेल्या सँडरसन बहिणींपैकी मेरी झालेल्या कॅथी नजिमीचं तोंड सदैव एका बाजूला वाकडं असतं. त्या वाकड्या तोंडानं ती हवेत पोरांचा वास घेते आणि झाडू हरवल्यावर व्हॅक्यूम क्लीनरवर बसून उडते. पडद्यावर हे प्रत्येक वेळी हसवतं, कारण प्रत्येक वेळी ते घडत असतं. कागदावर ‘तोंड वाकडं होतं’ हे एकदा लिहिलं की संपलं. बेट मिडलर भर पार्टीत गाऊन मोठ्यांना झपाटून टाकते, त्या प्रसंगाचंही तेच. मिडलरचा आवाज वजा केला की उरते ती नोंद.

उत्तरार्धाची कल्पना मात्र चांगली होती. मॅक्स आणि ॲलिसन आता नवराबायको आहेत, त्यांची सतरा वर्षांची मुलगी पॉपी नायिका आहे. म्हणजे सिनेमातली पोरं वाचकांबरोबरच मोठी झालेली. शाळकरी वयात चेटकिणींशी झुंजलेला माणूस चाळिशीच्या आसपास बाप म्हणून कसा जगत असेल? मला ती कादंबरी वाचायची होती. हाती आली ती किशोरांच्या साच्यातली धावपळ: मुलीनं आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी घरच्यांना आणि सेलम गावाला वाचवायचं. पॉपीचा इझाबेलावर जीव जडतो, तेवढ्या पानांत लेखन मोकळा श्वास घेतं. पुढे २०२२च्या ‘होकस पोकस २’ या चित्रपटानं हे सगळं बाजूला सारून नव्याच मुली आणल्या. ‘अधिकृत’ सीक्वेलचा अधिकार जेमतेम चार वर्षं टिकला.

त्याच २०२२ मध्ये शे अर्नशॉ यांची ‘लाँग लिव्ह द पंपकिन क्वीन’ आली. ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’च्या पुढची गोष्ट, सॅलीच्या तोंडून सांगितलेली. निवड अचूक. सिनेमात सॅली बोलते कमी, सोसते फार. लग्नानंतर राणीपद म्हणजे नवा पिंजराच तर नव्हे, हा तिचा संशय अर्नशॉ नीट पकडतात. नंतर मात्र पुस्तक सॅलीला खरेखुरे आईबाप मिळवून देतं. सिनेमात जो तिला घडवतो त्या डॉक्टर फिंकलस्टाइननं तिला ड्रीम टाउनमधून पळवून आणलं होतं म्हणे! इथे मला राग आला. सिनेमातली सॅली डॉक्टरच्या सूपमध्ये विषारी वनस्पती घालते, खिडकीतून उडी टाकते, तुकडे तुकडे होऊन पडते आणि सुईदोरा घेऊन स्वतःच स्वतःला शिवते. अशा बाईला हरवलेल्या राजकन्येचा वंशवृक्ष कशाला हवा?

रे ब्रॅडबरींच्या ‘द हॅलोविन ट्री’चा प्रवास उलटा. चक जोन्स यांच्याबरोबर ठरलेला सिनेमा झाला नाही, म्हणून १९७२ मध्ये त्याच गोष्टीची कादंबरी झाली; टीव्हीपट निघाला तो थेट १९९३ला. कुठल्याच आवडत्या सिनेमाची शपथ तिला वाहायची नव्हती. त्यामुळे शेवटी मरणाच्या दारातल्या पिपकिन या मुलाला सोडवताना त्याच्या मित्रांना किंमत मोजावी लागते. प्रत्येक जण आपल्या आयुष्याच्या शेवटाकडचं एकेक वर्ष त्याच्यासाठी देऊन टाकतो.