किताब, खिताब आणि दाखला

उर्दूच्या तासाला 'किताब' म्हटले की मुले दप्तरातून पुस्तक काढतात. मराठीत मात्र पैलवानाला 'महाराष्ट्र केसरी किताब' मिळतो. तो मूळचा 'खिताब', म्हणजे पदवी. मराठीने दोन्ही शब्द एकाच उच्चारात बसवले. पूर्वी मी हे चूक म्हणून दुरुस्त करीत असे, आता करीत नाही. कारण आमच्या नांदेड-लातूरकडे खिताब खरोखरच एका पुस्तकात सापडतो. ते पुस्तक म्हणजे शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर.

निजामाच्या दरबारात खिताबांच्या पायऱ्या होत्या. खानबहादूर, त्याच्या वर जंग, मग दौला, मुल्क, उमरा, जाह. 1950 साली संविधानाच्या 18व्या कलमाने राज्याने पदव्या देणे बंद केले. लष्करी आणि शैक्षणिक तेवढ्या राहिल्या. (माझी बी.एड. अशी वाचली!) गावगाड्यातले हुद्दे मात्र आडनावांत जाऊन बसले: देशमुख, इनामदार, काजी, खतीब, पटेल. वतने गेली, आडनावे राहिली.

आपल्या कथांवर माझा आक्षेप इथेच आहे. आपण पात्रांना शेख, सय्यद, पठाण, काजी अशी नावे सहज देतो. अत्तार, पिंजारी, तांबोळी, बागवान त्यांत कितीसे भेटतात? जे कथेत घडते तेच रजिस्टरात घडले आहे. इज्जतीचे म्हणून 'शेख' लिहिले, जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान'. आज नातू ओबीसीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा शोधत येतो. जुनी उर्दू नोंद मी त्याला वाचून दाखवतो. आजोबा कापूस पिंजत, हे सारे गाव सांगते. कागद सांगत नाही. अशा घरातली गोष्ट आपण लिहिणार नसू, तर मुस्लिम मराठी साहित्य वेगळे कशासाठी?

बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेल यांना महाराष्ट्र शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. 'शाहीर' हा खिताब कुठल्या दरबाराने दिलेला नव्हता. पटेल सोडून त्यांनीही 'शेख'च घेतले, हे मला किंचित खटकते. पण त्यांना दाखला काढायचा नव्हता.

मागे प्रवेशाच्या दिवसांत एक पालक म्हणाले, "सर, नुसते शेख लिहा, बरे दिसते." मी पेन थांबवून त्यांच्या वडिलांचा धंदा विचारला. ते रांगेत मागे उभ्या असलेल्यांकडे पाहू लागले.