न्यूहेवनच्या कोळ्यांची छायाचित्रे

एडिंबरोजवळील न्यूहेवन या कोळीवाड्यात चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि छायाचित्रकार रॉबर्ट ॲडमसन यांनी १८४३ नंतरच्या चार-पाच वर्षांत शंभरांवर छायाचित्रे घेतली. मासेमारीच्या जीवनाची चित्रे म्हणून त्यांचा गौरव होतो. परंतु प्रत्यक्ष मासेमारी त्यांत नाही, हे रसिकांनी ध्यानात घ्यावयास हवे. कॅलोटाइप पद्धतीत कागदावर प्रतिमा उमटावयास भर उन्हातही कित्येक सेकंद, प्रसंगी मिनिटेही, लागत. हेलकावणाऱ्या होडीत असा कॅमेरा नेऊन काय उपयोग? म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, कोळी त्यांस रेललेले, आणि कोळिणी मासळीच्या टोपल्यांपाशी एकमेकींस बिलगून बसलेल्या. हा जिव्हाळा नव्हे, हलू नये म्हणून घेतलेला आधार, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा! घरचा पुरुष दर्यावरून परत येईलच अशी ज्यांस खात्री नाही, त्या बायकांस शेजारणीच्या खांद्यावर हात टाकण्याचा अभिनय शिकवावा लागला असेल, असे मला वाटत नाही.

‘लेव्हायथन’ या २०१२ च्या चित्रपटाची तऱ्हा याच्या अगदी उलट. न्यू बेडफर्डहून निघालेल्या ट्रॉलरवर इवलेसे कॅमेरे खलाशांच्या अंगावर नि काठ्यांवर बांधले, पाण्यातही बुडविले. लाटा, रक्त, माशांचे निर्जीव डोळे, सारे अंगावर येते. माणसे मात्र क्वचितच ओळखीची होतात. हिलच्या एका कोळिणीची खाली झुकलेली नजर पाहून तिचे नाव जाणून घेण्याची ओढ वॉल्टर बेंजामिन यांस १९३१ सालीही लागली होती.