स्वीकार आणि संमती

चालकाविना धावणाऱ्या सामायिक गाड्यांवरच्या अभ्यासांत एक शब्द सारखा भेटतो: लोकस्वीकृती. लोक अशा गाडीत बसतील का, हे प्रश्नावली देऊन मोजायचं. मोजायला आमची हरकत नाही. हरकत आहे ती पट्टीला.

ही पट्टी आली कुठून? यातल्या पुष्कळ अभ्यासांच्या मुळाशी फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली मांडलेलं प्रारूप आहे. ते कचेरीतल्या संगणकासाठी होतं. वस्तू उपयोगी वाटते का, वापरायला सोपी वाटते का, एवढं विचारलं की माणूस ती स्वीकारेल का याचा अंदाज येतो. कचेरीपुरतं हे ठीक. तिथे वापरणारा आणि परिणाम भोगणारा बहुधा एकच असतो. रस्त्यावर तसं नसतं. पिरंगुटहून पौडकडे येताना म्हशी घेऊन रस्ता ओलांडणारा गुराखी त्या गाडीचा प्रवासी नाही. पण ब्रेक लागला नाही तर जीव त्याचा जातो. त्याला प्रश्नावली कोण देतं?

ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या मोटारीने उडवलेली एक स्त्री क्रूझ कंपनीच्या चालकरहित मोटारीसमोर पडली. मोटारीने तिला सुमारे वीस फूट फरफटत नेलं. ती पादचारी होती. अशा माणसाचं मत 'स्वीकृती'त धरलेलंच नसतं.

आता 'सामायिक' हा शब्द बघा. रात्रीच्या शेवटच्या जीपमध्ये बसण्याआधी एकटी बाई चालकाचा चेहरा बघते. तो सुट्या पैशांचा वाद मिटवतो, दारुड्याला उतरवतो, म्हातारीला वाडीच्या तोंडाशी सोडतो. गाडी यंत्र चालवेल; पण हे कोण बघणार?

म्हणून यंत्र नकोच, असं आम्ही म्हणत नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्या गाड्या माणसंच चालवत होती. चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या येऊ देणार नाही, असं नितीन गडकरी यांनी २०२३ मध्ये नागपुरात सांगितलं. काळजी खरी आहे. पण तिथेही लोकांच्या वतीने उत्तर आधीच ठरलेलं आहे.

मुळशीकरांना हे नवं नाही. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरी धरण झालं आणि वीज मुंबईला गेली. वीज निरुपयोगी होती, असं कुणी म्हणालं नाही. ज्यांची जमीन बुडणार होती त्यांची संमती कुणी घेतली नाही, हे दुखणं होतं.

उपयोग पटला म्हणजे संमती मिळाली, असं होत नाही. 'नाही' म्हणायची सोय असेल, तरच 'हो'ला अर्थ. तेव्हा उद्या या रस्त्यावर अशी गाडी आणायची झाली, तर प्रश्न आधी ग्रामसभेत यावा, आणि तिथे गुराखी, जीपचालक आणि रात्री परतणारी ती बाई, तिघांनाही बोलू द्यावं. एवढंच आमचं म्हणणं.