गळतीला दोन वाटा

भिलाईच्या पोलाद कारखान्याचं चित्र काढायला सांगितलं, तर कुणीही आधी धुरांडी काढील. मला तिथे सगळ्यांत वाचनीय वाटतो तो झोतभट्टीच्या माथ्यावरून तिरपा खाली उतरणारा जाडजूड पाइप. भट्टीत खालून तापलेली हवा फुंकतात, कोक जळतो, लोखंड वितळतं आणि वरून निघतो तो वायू: धुळीने भरलेला, विषारी, पण अजून जळू शकणारा. तो आकाशात सोडत नाहीत. त्या पाइपातून खाली आणतात, धूळ काढतात, पाण्याने धुतात आणि हवा तापवणाऱ्या स्टोव्हांमध्ये जाळतात. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालेली पहिली भट्टी काय किंवा २०१८ मध्ये पेटलेली ४०६० घनमीटरची ‘महामाया’ काय, मूळ कल्पना हीच.

टर्बो इंजिनात हीच कल्पना अंगठ्याएवढ्या जाडीच्या एका रबरी नळीत मावलेली असते. टॅपेट कव्हरमधून निघून ती हवेच्या फिल्टरच्या पुढे कुठेतरी शिरते. गॅरेजवाले तिला ब्रीदर म्हणतात. जाहिरातीत ती कधी दिसत नाही आणि गाडी विकताना तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

या रचनेचं पहिलं सौंदर्य असं, की गळती होणारच हे ती धरून चालते. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला कितीही घट्ट बसल्या, तरी तापल्यावर फुगायला जागा हवी म्हणून प्रत्येक रिंगेची दोन टोकं एकमेकांपासून मिलिमीटरच्या काही दशांशांइतकी दूर ठेवलेली असतात. वर इंधन पेटतं आणि थोडा वायू त्या फटीतून खाली निसटतो. तीन हजार फेऱ्यांवर चालणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनात असं मिनिटाला सहा हजार वेळा घडतं. टर्बो बसवला की वरचा दाब वाढतो आणि निसटणंही वाढतं. खाली क्रँककेसमध्ये आधीच तेलाचे तुषार उडत असतात. त्यांत हा वायू मिसळतो: अर्धवट जळलेलं इंधन, काजळी, आम्लं तयार करणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पाण्याची वाफ. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं, पण त्यातला थोडा वाटा रिंगांखाली उतरतो.

पूर्वीच्या गाड्यांत हे सगळं एका नळीने सरळ रस्त्यावर सोडत. गाडी पळत असली की वाऱ्याच्या ओढीने वायू खेचला जाई, उभी राहिली की तिथेच कोंडे. लॉस एंजलिसच्या धुरक्याचं रसायन हागेन-स्मिट यांनी उलगडल्यावर लक्षात आलं, की गाडीच्या हायड्रोकार्बनचा सुमारे पाचवा हिस्सा या नळीतून बाहेर पडतो. १९६१च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात हा वायू इंजिनातच परत जाळायला सुरुवात झाली. आपल्याकडेही गाडीला मान्यता देताना क्रँककेसमधून बाहेर काही सुटत नाही ना, याची वेगळी चाचणी असते.

साध्या पेट्रोल इंजिनात हे काम सोपं होतं. थ्रॉटलच्या मागे मॅनिफोल्डमध्ये कमीजास्त ओढ असतेच, तिथे पीसीव्ही व्हॉल्व्ह लावून नळी जोडली की झालं. टर्बोने ही सोय मोडली. इथे रचना खरी रंगते.

भिलाईतला मराठी माणूस दिवाळीला नागपूरकडे निघाला आहे असं समजा. सुपेल्याच्या सिग्नलला गाडी उभी आहे. थ्रॉटल जवळजवळ बंद, मॅनिफोल्डमध्ये जोराची ओढ. ही ओढ क्रँककेसमधला वायू पहिल्या वाटेने, व्हॉल्व्हमधून थेट मॅनिफोल्डमध्ये घेते. ओढ फार म्हणून व्हॉल्व्हमधला दट्ट्या आत खेचला जातो आणि वाट अरुंद करतो, कारण संथ चालीत निसटणारा वायूही कमीच असतो. दुर्ग मागे पडतं, वेग स्थिर होतो, ओढ मध्यम होते आणि तोच दट्ट्या स्प्रिंगच्या जोराने सरकून वाट रुंद करतो. मग मुक्तिबोधांचं राजनांदगाव ओलांडल्यावर पुढे लोखंडाने लादलेला ट्रेलर येतो. पाय दाबला जातो, टर्बो भरतो आणि क्षणात मॅनिफोल्डमधली ओढ संपून तिथे बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाब उभा राहतो. ही वाट उघडी राहिली तर वारं उलटं क्रँककेसमध्ये घुसेल. म्हणून व्हॉल्व्ह खटकन मिटतो आणि वायू दुसऱ्या वाटेने, त्या रबरी नळीने, फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या पाइपात जातो. टर्बो हवा खेचत असल्यामुळे तिथे थोडीशी ओढ असते, आणि तेवढी पुरते. ट्रेलर मागे पडला, पाय सैल झाला की पुन्हा पहिली वाट. बहुतेक गाड्यांत या अदलाबदलीला ना मोटर लागते ना संगणक. दाब बदलतो, त्यासरशी दार बदलतं.

त्या एकतर्फी झडपेचं मोल भिलाईला समजावून सांगावं लागत नाही. १२ जून २०१४ रोजी इथे भट्टीचा वायू धुणाऱ्या पाण्याचा दाब पडला आणि कार्बन मोनॉक्साइड पाण्याच्या वाटेने उलटा पंपघरात शिरला. सहा जण दगावले. गाडीत एवढं भयंकर काही होत नाही, पण दाब उलटण्याचं तत्त्व तेच. झडप उघडी अडकली की टर्बोचा दाब क्रँककेसमध्ये भरतो, डिपस्टिक वर उडते, ऑइल सील तेल सोडू लागतात.

वायू परत जाळायचा, पण तेल जाळायचं नाही, ही या रचनेतली दुसरी अट. भट्टीत त्या तिरप्या पाइपाखाली एक भलं मोठं भांडं असतं. वायू तिथे मंदावतो, वळतो आणि जड धूळ वळू न शकल्यामुळे खाली पडते. टॅपेट कव्हरच्या आतल्या बाजूला पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या आडभिंती असतात त्या याचसाठी. वायू कोपऱ्यावर वळतो, तेलाचे मोठे थेंब भिंतीवर आपटतात आणि ओघळून परत जातात. मायक्रॉनहून लहान कण मात्र वायूबरोबर सहज वळतात. भट्टीत बारीक धुळीला पाण्याचा फवारा गाठतो, इथे तसा फवारा नाही. ते कण टर्बोतून पुढे जाऊन इंटरकूलरच्या तळाशी साचतात. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह इंधनाने धुतलेच जात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर काळा थर चढतो. डिझेलमध्ये मॅनिफोल्डला खास ओढ नसल्यामुळे सहसा एकच वाट, टर्बोच्या आधीची. तिथे हे तेल जळलेला वायू परत आत आणणाऱ्या ईजीआरच्या काजळीला भेटलं की मॅनिफोल्डमध्ये काळा चिखल होतो. म्हणून इंटरकूलरच्या पाइपात तेलाची पातळ साय दिसली की लगेच घाबरायचं कारण नाही. वाटीभर तेल निघालं तर मात्र बघावं.

सर्वांत जास्त चुकीचं वाचन होतं ते यापुढे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो आणि तेलाच्या थरावर तरंगतो. ते तेल दाबाने आत येतं, पण बाहेर पडतं निव्वळ स्वतःच्या वजनाने, एका जाड नळीतून संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात. टर्बोच्या दोन्ही टोकांना रबरी सील नसतात. बारीक धातूच्या रिंगा असतात आणि दाबांचं गणित जुळलं तरच त्या तेल अडवतात. ब्रीदर तुंबला किंवा रिंगा झिजून निसटणारा वायू वाढला की क्रँककेसमध्ये दाब चढतो. मग टर्बोचं तेल खाली उतरेनासं होतं आणि जिथे फट सापडेल तिथून निघतं. सायलेन्सरमधून निळा धूर येतो. निदान तयार असतं: टर्बो गेला. नवा टर्बो बसतो, भलं मोठं बिल होतं, आणि थोड्याच दिवसांत नवाही धूर सोडायला लागतो.

इथले जुने डिझेल मिस्त्री या बाबतीत जास्त सावध. इंजिन चालू ठेवून ते आधी तेलाचं झाकण सैल करतात, हात धरतात, भसाभसा वाफ आली तर म्हणतात, ‘बॅक कम्प्रेशन मार रहा है.’ नुसत्या तळहाताचा हा अंदाज आणखी पक्का करायचा असेल, तर डिपस्टिकच्या भोकाला पारदर्शक नळी लावून तिच्या यू आकाराच्या वळणात पाणी भरावं. ब्रीदर मोकळा आणि निरोगी असेल तर पेट्रोल इंजिनाच्या संथ चालीत पाणी थोडं इंजिनाकडे खेचलेलं दिसतं. ते उलट बाजूला ढकललं गेलं, तर टर्बोला हात लावण्याआधी नळ्या आणि रिंगा तपासाव्यात. ही नळी काही रुपयांची. टर्बो बदलण्याआधी ती न लावणाऱ्या गॅरेजवर माझा विश्वास नाही.

आता कॅच कॅन. ब्रीदरच्या वाटेत एक डबा बसवायचा, त्यात जाळी किंवा गाळणी, म्हणजे बारीक तेल तिथे अडकतं. विद्यार्थी बनवतात त्या फॉर्म्युला शर्यतीच्या गाड्यांना तो नियमानेच लागतो, कारण ट्रॅकवर तेलाचा थेंब सांडता कामा नये. रस्त्यावरच्या थेट फवाऱ्याच्या टर्बो पेट्रोल गाडीला तो उपयोगी ठरू शकतो, पण दोन्ही वाटा वाचून बसवला तरच. बरेच जण एका नळीला डबा लावतात, दुसरीला बूच मारतात आणि डब्याचं तोंड हवेत उघडं सोडतात. दिसायला छान, पण त्यात ओढच उरत नाही आणि साठ वर्षांपूर्वीची रस्त्यावरची नळी नव्या अल्युमिनियममध्ये परत येते.

शिवाय भिलाईची स्वतःची एक अडचण आहे. टाउनशिपच्या सेक्टरांमधून कारखान्याच्या गेटपर्यंतचं किंवा सिव्हिक सेंटरपर्यंतचं अंतर इतकं थोडं, की डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तेल पुरतं तापायच्या आत गाडी बंद होते. वाफ उडून जात नाही, झाकणाखाली पांढुरकी साय जमते. अशा दिवसांत डब्यात तेलापेक्षा पाणीच जास्त साचतं. साचलेलं सगळं आपोआप संपमध्ये परत सोडणारे डबेही मिळतात. इथल्या हिवाळ्यासाठी मी तसला डबा घेणार नाही. तळाला तोटी असलेला घ्यावा, आणि उन्हाळ्यात विसरला तरी चालेल, थंडीत मात्र तेल बदलण्याची वाट न पाहता मधूनमधून उघडावा.