चिनी वैद्यकाची परिभाषा : भाषांतराच्या तीन मार्गांची चिकित्सा

प्राचीन शास्त्राच्या संज्ञांना आधुनिक शास्त्रातील पर्याय द्यावेत, की त्यांचा मूळ शब्दार्थच परभाषेत उतरवावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कोशकारांचा वाटतो. चिनी वैद्यकाच्या बाबतीत मात्र त्या शास्त्राची परीक्षा कोणत्या भूमीवर व्हावी, हेच त्यावरून ठरते.

‘फी’ ही संज्ञा घ्या. ‘ह्वांगती नेइचिंग’ या आद्य ग्रंथाच्या परंपरेत अन्नाचे रूपांतर करून त्याचे सार शरीरभर पोचविण्याचे कार्य ‘फी’कडे आहे. पुढे पाश्चात्त्य शारीरशास्त्र चिनी भाषेत आले, तेव्हा प्लीहेसाठी हाच शब्द योजला गेला; वस्तुतः प्लीहेचा पचनाशी तसा संबंध नाही. उलट दिशेचेही उदाहरण आहे. जपानात १७७४ साली सुगिता गेनपाकू प्रभृतींनी ‘काइताइ शिन्शो’ हा शारीरग्रंथ डच भाषेतून आणताना जुन्या वैद्यकातील शब्दांश जोडून मज्जातंतूसाठी ‘शिनकेइ’ हा शब्द घडविला, आणि तो पुढे चीनमध्येही रूढ झाला. तेव्हा मूळ भाषेतही हे शब्द आज दोन शास्त्रांची चाकरी करीत आहेत.

या गुंत्यातून निघण्याचे तीन मार्ग विद्वानांनी सुचविले. मानफ्रेड पोर्कर्ट यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात लॅटिन संज्ञांची स्वतंत्र व्यवस्था उभारली. त्यांच्या लेखी ‘फी’ हा अवयव नसून ‘ऑर्बिस लिएनालिस’ हे कार्यमंडल होय. यात काटेकोरपणा आहे. पण चिनी रुग्णालाही ओळखीचा असलेला साधा शब्द येथे पंडितांच्या कुलुपात बंद होतो. बीजिंगचे श्ये चूफान यांनी शक्य तेथे आधुनिक वैद्यकाचे पर्याय पत्करले. ‘वारा-आग-डोळा’ अशा शब्दार्थाच्या रोगनामाला त्यांनी तीव्र नेत्रश्लेष्मलाशोथ, म्हणजे आपले ‘डोळे येणे’, हा पर्याय दिला. इंग्रज कोशकार नायजेल वाइझमन यांनी, फंग ये यांच्यासह १९९८ साली सिद्ध केलेल्या कोशात, शब्दार्थाला धरून राहण्याचे धोरण ठेवले.

श्ये यांचा पक्ष दुर्बल नाही. जगभरच्या वैद्यांना समजेल असे नाव देण्यात रुग्णाचेही हित आहे. परंतु त्या नावातील ‘वारा’ विकाराचा आकस्मिक आरंभ सुचवितो, ‘आग’ लाली व दाह सुचविते. आणि वारा हटविणारी व आग शमविणारी औषधे याच दोन शब्दांच्या आधारे निवडली जातात. शब्द पुसले की उपचार उरतो, पण त्यामागील युक्तिवाद नाहीसा होतो. युक्तिवादच दिसेनासा झाला, तर तो बरोबर की चूक हे तपासणार कोण? शब्दनिष्ठ भाषांतर हे परंपरेला घातलेले दंडवत नव्हे. ती चिकित्सेची पूर्वअट आहे.

अर्थात वाइझमन यांच्या मार्गालाही मर्यादा आहे. लक्षणसमूहावरून उपचार ठरविण्याची जी पद्धती आज चिनी वैद्यकाचा गाभा म्हणून शिकविली जाते, तिला सांप्रतचे व्यवस्थित रूप मुख्यतः १९५० नंतरच्या दशकातील पाठ्यपुस्तकांनी दिले. तेव्हा शब्दशः उतरविलेली प्रत्येक संज्ञा पुरातनच असते, असे समजण्याचे कारण नाही. २०१९ साली स्वीकृत झालेल्या व २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात अशा लक्षणसमूहांना स्वतंत्र प्रकरण मिळाले. त्यांना पाश्चात्त्य रोगनामांत विरघळविले नाही, हे योग्यच झाले. मात्र वर्गीकरणात स्थान मिळणे म्हणजे सत्यता सिद्ध होणे नव्हे.

मराठी भाषांतरकारापुढे आणखी एक मोह उभा राहतो. ‘छी’ला प्राण आणि ‘फंग’ला वात म्हणणे त्याला सहज सुचेल. पण वात हा शरीर धारण करणारा दोष आहे, तर ‘फंग’ ही प्रामुख्याने बाहेरून शिरणारी बाधा. इंग्रजी पर्यायांनी जो अर्थ झाकला जातो, तोच आयुर्वेदाच्या आपुलकीनेही झाकला जाईल. शेजारच्या परंपरेचे शब्द आपल्याला घरचे वाटतात, म्हणूनच ते योजताना अधिक सावध राहिले पाहिजे.