फियाट की हेराल्ड?

जुन्या गाड्यांचा विषय निघाला, की आपल्या मंडळींत हेराल्ड ही 'स्पोर्ट्स' आणि फियाट ही 'टॅक्सी' अशी वाटणी ठरलेली असते. मला ती मान्य नाही.

कागदावर हेराल्ड सरस होती, हे खरे. मद्रासला स्टँडर्ड कंपनीत बनणारी ही इंग्लिश गाडी २५ फुटी वर्तुळात वळे. मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होते. रूप मात्र मिकेलोत्ती या इटालियनाने दिलेले! उलट वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीत, कुर्ल्याला बनणाऱ्या इटालियन फियाट ११०० ला मागे एकसंध अ‍ॅक्सल, पाट्यांच्या स्प्रिंगा आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली.

पण गाडीची खरी पारख वळणावर होते. हेराल्डचे मागचे अर्धे अ‍ॅक्सल मध्यावर झुलत. वेगात वळताना मागची बाजू उचलली गेली, की बाहेरचे चाक आत दुमडे आणि पकड सुटे. फियाटचा अ‍ॅक्सल खड्ड्यात दणका देई, पण वळणावर चाके उभी ठेवी. अल हिलालच्या सपाट रस्त्यांवर हा फरक जाणवणार नाही. खंडाळ्याच्या घाटात जाणवे.

याचा बोलका पुरावा स्टँडर्डनेच दिला. १९७२ च्या गॅझेलमध्ये त्यांनी स्वतंत्र सस्पेन्शन काढून एकसंध अ‍ॅक्सल बसवला. फियाट मात्र पुढे 'पद्मिनी' झाली आणि मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावली.

तंत्र नवे म्हणून रचना चांगली ठरत नाही. हेराल्डवर प्रेम जरूर करावे; घाट चढायचा असेल तर मी किल्ली फियाटचीच मागेन.